जुन्या मोटारीला दप्तर हवे

तालुक्याच्या गावी महिन्याच्या पगारावर अथवा लहानशा दुकानावर संसार चालविणाऱ्या ज्या कुटुंबांच्या दारात गेल्या काही वर्षांत पहिल्यांदाच चारचाकी वाहन उभे राहिले, त्यांतील कितीतरी घरांत ते शोरूममधून झळाळत आलेले नसून दुसऱ्या, किंबहुना तिसऱ्या-चौथ्या मालकाने वापरून सोडलेले व दहा-पंधरा पावसाळे पाहिलेले असते. आज चांगल्या नव्या दुचाकीला लाखाच्या आसपास रक्कम मोजावी लागत असताना तेवढ्याच रकमेत एखादी जुनी अल्टो, वॅगन आर किंवा सँट्रो मिळते, वृद्ध आईवडिलांना व मुलांना पावसापासून आडोसा लाभतो, आणि अपरात्री जिल्ह्याच्या रुग्णालयात जाण्यासाठी कोणाच्या दाराची कडी वाजवावी लागत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवहाराला निव्वळ हौस म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरते.

या व्यवहाराविषयी आपल्याकडे दोनच मते प्रचलित आहेत. जुनी गाडी घेणे म्हणजे पांढरा हत्ती पोसणे, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. आणि ‘सिंगल हँड, डॉक्टरांच्या वापरातील, एका रुपयाचे काम नाही’ असे बाजारातील एजंट सांगतो. दोघेही वाहनाच्या वयाविषयी बोलतात, एक ते फार झाले म्हणतो, दुसरा ते दिसत नाही म्हणतो. परंतु जुन्या गाडीचा भरवसा किती धरावा याचे उत्तर तिच्या वयात फारच थोडे असते, ते असते तिची निगा कोणी, केव्हा व कशी राखली या वृत्तांतात, आणि नेमका हा वृत्तांतच खरेदीदाराच्या हाती कोणी देत नाही. सरकार वयाचे शुल्क वसूल करते, प्रकृतीची नोंद मात्र ठेवीत नाही, ही माझी या लेखातील मुख्य तक्रार आहे.

निगा राखलेले साधे यंत्र किती काळ टिकते, याचा दाखला मुंबईच्या रस्त्यांनी सर्वांच्या देखत दिलेला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती जात रस्त्यावरून नाहीशी झाली. म्हणजे यंत्र थकले म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून. दिवसरात्र चालणाऱ्या, खड्डे आणि खाऱ्या हवेत वावरणाऱ्या त्या गाड्या वीस वर्षे टिकल्या, कारण त्यांचा चालक तीच गाडी उद्या सकाळी पुन्हा हाकणार होता, तिच्या आवाजातील लहानसा फरक त्याच्या कानी त्याच दिवशी पडत होता, आणि तिचा प्रत्येक सुटा भाग शहरात कोठे ना कोठे मिळत होता.

हा शेवटचा मुद्दा खरेदीदारांच्या ध्यानात येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मारुती ८०० पहिल्या ग्राहकाच्या हाती १४ डिसेंबर १९८३ रोजी पडली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ पर्यंत चालू राहिले. ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांची तीच मांडणी पुढे अल्टोतही आली. या तीस वर्षांत देशातील लहानमोठ्या गॅरेजांचा हात त्या इंजिनावर असा बसला की आटपाडी असो वा अहेरी, त्याची क्लच प्लेट किंवा हेड गॅस्केट बदलण्यासाठी कोणा मिस्त्रीला पुस्तक उघडावे लागत नाही. याउलट शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, देवू त्यापूर्वीच बुडाली होती. या नाममुद्रांच्या गाड्या त्याच वयाच्या मारुतीपेक्षा अधिक प्रशस्त, अधिक मजबूत पत्र्याच्या आणि तरीही स्वस्त मिळतात, तेव्हा खरेदीदाराला आपण शहाणपणाचा सौदा केला असे वाटते. वास्तविक त्या स्वस्ताईत पुढील प्रतीक्षेची किंमत आधीच वजा झालेली असते. एखादा सेन्सर किंवा दाराची काच हवी झाली म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगारवाल्यांकडे अथवा पुण्यात नाना पेठेतील दुकानांत चौकशी करीत फिरावे लागते, आणि तोवर गाडी गॅरेजच्या अंगणात उभी राहते. शहरात राहणाऱ्या, दुसरे वाहन जवळ असलेल्या हौशी माणसाला हे परवडेल. ज्याला त्याच एका गाडीने सोमवारी कामावर जावयाचे आहे त्याला परवडणार नाही. भरवसा हा यंत्राच्या अंगचा गुण जितका आहे, तितकाच तो आपल्या गावातील मिस्त्रीच्या ज्ञानाचा व सुट्या भागांच्या पुरवठ्याचाही गुण आहे.

आता खर्चाकडे वळू. नव्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च पेट्रोलच्या पावतीत दिसत नाही, तो घसाऱ्यात असतो. विम्याच्या दरपत्रकात गाडीची घोषित किंमत ठरविताना पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे पाच लाखांच्या गाडीतून पाच वर्षांत अडीच लाख, दरसाल सरासरी पन्नास हजार रुपये, मालकाने काहीही न करता निघून जातात, आणि त्यावर कर्जाचे व्याज वेगळे. लाख-सव्वालाखाच्या जुन्या गाडीची किंमत आणखी किती उतरणार? तेव्हा तिच्यावर वर्षाला पंचवीस-तीस हजारांची दुरुस्ती करावी लागली, तरी निव्वळ अंकगणिताने ती नव्या गाडीहून स्वस्तच पडते. हे मी ठामपणे सांगतो, कारण जुन्या गाडीला पांढरा हत्ती म्हणणारे घसारा हिशेबातच धरीत नाहीत.

परंतु संसार केवळ वार्षिक बेरजेवर चालत नाही. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो, त्याची तजवीज करता येते. जुन्या गाडीचा खर्च महिनेच्या महिने गप्प राहतो आणि मग जूनमध्ये, मुलांची वह्या-पुस्तके व शाळेचे शुल्क ऐन तोंडावर असताना, एकरकमी पुढे उभा राहतो. ज्या घरात शिल्लक अशी फारशी नसते, त्या घराला वीस हजारांची अनपेक्षित दुरुस्ती ही पन्नास हजारांच्या अपेक्षित घसाऱ्यापेक्षा कितीतरी जड जाते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने खरेदीची सगळी रक्कम गाडीत घालू नये, निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला राखावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सव्वा लाख जवळ असतील तर नव्वद-पंचाण्णव हजारांची गाडी पाहावी.

हा चौथा हिस्सा कोठे जातो ते पाहण्यासारखे आहे. माणूस गाडी विकतो ती पुष्कळदा मोठे काम तोंडावर आल्यामुळे विकतो. चारही टायर गोटा झालेले असतात, बॅटरी चौथ्या वर्षात असते, क्लच वरपर्यंत आलेला असतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट आणखी दोन-चार महिने चालेल अशी असते, आणि ते दोन-चार महिने विक्रेता काढतो, पुढचे खरेदीदार काढतो. लहान गाडीच्या चार टायरांना बारा-सोळा हजार आणि बॅटरीला चार-साडेचार हजार सहज लागतात. टायरची जाडी नखाने पाहून समाधान मानू नये. त्याच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे, म्हणजे २३१८ असा शिक्का असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. उभ्या गाडीचे टायर दिसावयास जाड असतात, पण रबर टणक होऊन भेगाळलेले असते, आणि असे टायर घालून १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात कुटुंबासह निघणे हे प्राणाशी खेळणे आहे.

त्याहून घातक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. जुनी मारुती ८००, झेन, सँट्रो, डिझेलची इंडिका यांच्या इंजिनांत क्रँक व कॅम यांना जोडणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो, आणि तो कंपनीने ठरवून दिलेल्या अंतराला बदलावा लागतो. मारुतीने २००८ पासून आणलेल्या के-मालिकेच्या इंजिनांत त्याच्या जागी धातूची साखळी आली. बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि ज्या इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह यांचा मार्ग एकमेकांत येतो, तेथे व्हॉल्व्ह वाकून सबंध हेड उतरवावे लागते. काही हजारांत होणाऱ्या कामाची उपेक्षा अशी इंजिनाच्या कामापर्यंत नेते. बेल्ट केव्हा बदलला हे बाहेरून कळत नाही, ते केवळ पावतीवरून कळते. आणि पावत्या जपून ठेवणारा विक्रेता मिळणे हे खरेदीदाराचे भाग्य समजावे. अशा विक्रेत्याच्या गाडीला दहा-पंधरा हजार अधिक देण्यास मी कोणासही बिनदिक्कत सांगेन.

आणखी एक प्रकार गॅरेजच्या परिभाषेत ‘डायरेक्ट करणे’ म्हणून ओळखला जातो. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकावयाचा आणि रेडिएटरचा पंखा चावीबरोबर सतत फिरेल असा थेट जोडावयाचा. तक्रार त्या दिवसापुरती मिटते, रोग तसाच राहतो, इंजिन कायम थंड चालते आणि पेट्रोल अधिक पिते. तुंबलेला एअर फिल्टर, चाकाला चिकटून राहिलेला ब्रेक, हवा कमी असलेले टायर यांची त्यात भर पडली म्हणजे लिटरला सोळा किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी साडेबारावर येते. वर्षाला आठ हजार किलोमीटर धाव आणि सोयीसाठी पेट्रोलचा भाव शंभर रुपये धरला, तर पन्नास हजारांच्या जागी चौसष्ट हजार रुपये जळतात. हे चौदा हजार दुरुस्ती टाळून वाचविलेले नसतात, दुरुस्ती टाळल्याबद्दल भरलेले असतात.

इंधनाच्या प्रश्नात अलीकडे सरकारी धोरणाचाही हात आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. इथेनॉलचे उष्मांकमूल्य पेट्रोलहून कमी, आणि जुन्या गाड्यांच्या इंधननळ्या व गॅस्केटे या मिश्रणासाठी केलेल्या नाहीत. सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे नमूद केले होते, आणि काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. उसाला इथेनॉलचा भाव मिळावा हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या हिताचेच आहे, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. परंतु त्या धोरणाचा भुर्दंड जुन्या गाडीच्या गरीब मालकाने निमूट सोसावा आणि पंपावर त्याला कमी मिश्रणाचे पेट्रोल निवडण्याची मुभाही नसावी, हे न्यायाचे नाही.

सरकारची इतर वसुली मात्र नेमकी व वेळेवर होते. हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी गाडीला थर्ड पार्टी विम्याचा दर २,०९४ रुपये व त्यावर १८ टक्के कर, म्हणजे सुमारे २,४७१ रुपये. हा खर्च रास्त आहे, कारण त्यामुळे रस्त्यावरील तिऱ्हाईताला भरपाई मिळते. पण पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपयांवर गेले, ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांपुढील गाडीला ते १०,००० झाले, आणि आपल्या राज्यात त्यावर पर्यावरण कर वेगळा. वयाबरोबर शुल्क वाढविण्यामागे जुनी वाहने भंगारात निघावीत असा हेतू आहे, आणि धुराचा विचार करता तो सर्वस्वी चुकीचाही नाही. परंतु ज्याने दर सहा महिन्यांनी ऑइल बदलले त्याची गाडी आणि जिच्या साइलेन्सरातून निळा धूर निघतो ती गाडी, या दोहोंना एकच शुल्क लागते. जी गाडी खरोखर प्रदूषण करते तिला ओळखून बाद करण्याऐवजी सरसकट जन्मतारीख पाहणे हे शासनाला सोपे पडते, एवढेच त्याचे समर्थन.

जुन्या गाडीची एक उणीव कोणत्याही निगेने भरून येत नाही, आणि ती सांगितल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. चालकासाठी एअरबॅग व ब्रेकची एबीएस यंत्रणा या गोष्टी २०१९ मध्ये सक्तीच्या झाल्या. त्यापूर्वीच्या स्वस्त गाड्यांत त्या बहुधा नसतात. अशा गाडीने तालुक्याच्या रस्त्यावर बेताच्या वेगाने फिरावे, द्रुतगती मार्ग टाळावा, आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा.

आता मूळ तक्रारीकडे येतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, विक्रेत्याला मालाचे खरे गुणदोष ठाऊक आणि खरेदीदाराला नाहीत अशा बाजारात खरेदीदार सरासरी मालाचाच भाव देऊ करतो, त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही म्हणून तो ती बाजारात आणीत नाही, आणि मग बाजारात वाईट मालच साचत जातो. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विचारासाठी. आपल्या शहरांतील जुन्या गाड्यांच्या अड्ड्यांवर हा सिद्धान्त डोळ्यांनी पाहता येतो. मीटर मागे फिरविणे हे तर तेथे काही मिनिटांचे काम झाले आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळुणात ज्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांतील कित्येक धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाणे अटळ होते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का हे पाहणे आणि पायाखालचा गालिचा उचलून वास घेणे, एवढाच उपाय सामान्य ग्राहकाच्या हाती राहतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केलेल्या बंदीमुळे तिकडील गाड्या ना हरकत प्रमाणपत्रासह इकडे स्वस्तात येतात, त्यांचाही पूर्ववृत्तान्त असाच अंधारात असतो.

आपल्याकडे दोन गुंठे जमिनीचा सातबारा असतो, त्यावर फेरफार चढतात, बोजा चढतो, पीकपाणी चढते. लाख रुपयांच्या मोटारीचा तसा उतारा काढावयास गेले, तर वाहन पोर्टलवर नोंदणीची तारीख, विम्याची व पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि कितवा मालक इतकी माहिती मिळते. मीटरच्या आकड्यांची वर्षवार मालिका मिळत नाही, अपघाताच्या भरपाईचा इतिहास मिळत नाही, तपासणीत काय दोष आढळले तेही मिळत नाही. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढील प्रत्येक गाडीची दरसाल एमओटी तपासणी होते, आणि केवळ गाडीचा क्रमांक टाकून कोणीही विनाशुल्क तिच्या मागील तपासण्यांचे निकाल व त्या-त्या वेळचे मीटरचे आकडे पाहू शकतो. बेल्जियममध्ये २००६ च्या अखेरीपासून विक्रेत्याला कार-पास नावाचा दाखला द्यावाच लागतो, आणि तो नसेल तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करून घेता येतो.

आपल्याकडे याची सामग्री विखुरलेली का होईना, तयार आहे. पीयूसी केंद्रावर गाडीचे छायाचित्र घेतले जातेच, त्याच वेळी मीटरचा आकडा टिपून तो सर्वांना दिसेल असा पोर्टलवर चढविता येईल. विम्याच्या दाव्यांची माहिती विमा नियामकाने २००९ मध्ये उभारलेल्या विमा माहिती केंद्राकडे जमा होते. त्यातून मालकाचे नाव वगळून ‘अमुक साली मोठा अपघात’ किंवा ‘पाण्याने नुकसान’ एवढीच नोंद गाडीच्या क्रमांकासमोर उघड केली तर कोणाच्या खाजगीपणाला बाध येत नाही. मालकी हस्तांतराच्या बाबतीतही शासनाने ग्राहकाला अधिक जागे करावयास हवे. विक्रेत्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे असा कायदा आहे, तरी कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी सोडण्याची रीत सर्वत्र चालू आहे, आणि नोंदणी ज्याच्या नावे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले असूनही गाडी विकून मोकळे झालो अशा समजुतीत असलेल्या माणसाला दोन वर्षांनी न्यायाधिकरणाची नोटीस येते.

आणि आरंभ करावयाचा तर पंधराव्या वर्षाच्या नूतनीकरणापासूनच करता येईल. त्या वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी राहतेच; ब्रेक, स्टिअरिंग, तळपत्रा, टायर व धूर या प्रत्येकाविषयी त्याचा लेखी शेरा असलेली तपासणीची प्रत मालकाला पावतीसोबत द्यावी आणि तीच पोर्टलवर ठेवावी, म्हणजे पाच हजार रुपये भरणाऱ्याला आपल्या गाडीची प्रकृती कळेल व उद्या ती घेणाऱ्यालाही कळेल. याला नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे वाटत नाही. परिवहन आयुक्तांचे एक परिपत्रक आणि निरीक्षकाला गाडीखाली वाकून पाहण्यास पुरेल इतका वेळ, एवढ्यावर ते सुरू होऊ शकेल.